अकरा वेळा एक

बाकी शून्य उरली. उपासनी मास्तरांनी चष्मा पुसून भागाकार पुन्हा केला. पुन्हा शून्यच.

अकरा वेळा एक लिहून होणारी संख्या कशानेच भागली जात नाही, अशी त्यांची खात्री होती. निवृत्तीनंतर सात वर्षं रोज सकाळी ते एकेका मूळ संख्येने ती भागून बघत होते. आज एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भाग गेला.

"संपलं," चहा घेऊन आलेल्या बायकोला ते म्हणाले. "उद्या उठून काय करू?"

तिने पेन्सिल घेऊन कोऱ्या पानावर अकरा एक काढले आणि पुढेही काढत गेली. "पुरे झाले की सांगा," जेवायला वाढतानाच्या आवाजात ती म्हणाली.

मास्तर फार दमले होते. पुरे मात्र म्हणाले नाहीत.