रबरी चपला

आईने अंघोळीला बसून नळाला हात लावला की अख्ख्या घराची वीज जायची. मुलगा कावला होता. वायरमनने गिझर उघडून पाहिला. "साहेब, गिझरमधून करंट लीक होतोय, अर्थिंगची तार तुटलीय. करंट आजींच्या अंगातून उतरतो, म्हणून सेफ्टी स्विच पडतो. तो पडतो म्हणून त्या जिवंत आहेत. गिझर बदला, भिंत फोडून नवी तार टाकू." "नव्या टाइल्स फोडायच्या?" मुलगा म्हणाला. "तिचं बाथरूम तेवढं स्विचमधून बाहेर काढा. बाकी घराला सेफ्टी राहू द्या." गिऱ्हाईक तुटेल म्हणून वायरमनची नाही म्हणायला जीभ रेटेना. त्याने बाथरूमची तार सेफ्टी स्विचच्या बाहेरून फिरवली. जाताना आजींना बजावलं, "रबरी चपला घालूनच अंघोळ करा." आजींनी टॉवेल उचलला. "बरं झालं बाबा, माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा व्हायचा." जिन्यापर्यंत मुलाचा आवाज आला, "आई, चपला बाहेर काढ. टाइल्स खराब होतील."