माणिककाकूंची सही

डॉक्टर देवव्रतनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली. "माणिककाकू, मेंदूतला ट्यूमर आता कवटीचं हाडही पोखरतोय. त्या हाडाच्या आतच आपल्या बचावाच्या पेशी तयार होतात. त्यातल्याच काही ट्यूमरला सामील झाल्यात."

"म्हणजे कमिटी फुटली म्हणा ना!"

"कमिटी?" डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली.

"अहो, चारकोपला आमच्या बिल्डिंगचं तेच झालं. बिल्डरने शेजारच्या खोल्या रिकाम्या करून भिंती फोडायला घेतल्या. त्याच्याशी भांडायला आम्ही निवडलेले कमिटीवालेच त्याच्या गाडीतून फिरायला लागले. बिल्डिंग पाडायच्या कागदावर सगळ्यांनी सह्या दिल्या. मी नाही दिली. नऊ वर्षं झाली, अजून तिथेच राहते."

डॉक्टरांनी ऑपरेशनचं संमतिपत्र पुढे सरकवलं. "इथे मात्र सही लागेल, काकू. आणि ट्यूमर पूर्ण निघेलच, असं मी सांगू शकत नाही."

काकूंनी चष्मा लावला, कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि पेनासाठी हात पुढे केला.

"द्या इकडे. या वेळी जागा मी नाही, त्याने खाली करायचीय."