खणातला डोळा

तो कृत्रिम डोळे बनवायचा. बहिणीचा उजवा डोळाही त्यानेच केलेला. तसाच एक जादाचा करून त्याने दुकानातल्या खणात ठेवला होता.

सोमवारी खणातल्या डोळ्याचा पांढरा भाग पिवळट दिसला. मंगळवारी बहिणीचा चांगला डोळा पिवळा झाला.

“दादा, आता तू केलेलाच डोळा खरा वाटतो बघ,” ती हसली. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही.

गुरुवारी खणातला राखाडी झाला, शुक्रवारी तिचा.

आज सकाळी खणातला काळाकुट्ट होता. त्याने घाईघाईने पांढरा रंग चढवला. ब्रश बाजूला घ्यायच्या आत डोळा काळा पडला. पुन्हा चढवला, पुन्हा तेच.

तेवढ्यात बहीण भिंत चाचपत आत आली. दारातलं ऊन थेट तिच्या तोंडावर पडलं होतं.

“दादा, लाईट गेलेत वाटतं?”