मतदारसंघाचा नकाशा

दक्षिण जर्मनीच्या मराठी मंडळात नऊ वर्षं एकच अध्यक्ष सोसून कंटाळलेला श्रीरंग यंदा निवडणुकीला उभा राहणार होता. तो राहायचा त्या बोब्लिंगेन गावची मतं त्याचीच होती. त्याआधी, २००८च्या अमेरिकी निवडणुकीच्या निमित्ताने, त्याने मंडळात तासभर घसा कोरडा करून सांगितलं, की तिकडे सत्तेवरचे लोकच मतदारसंघ आखतात आणि विरोधकाची वस्ती भलतीकडे ढकलतात. लोक बटाटेवड्यांकडे बघत होते. वहीत टिपून घेत होते ते एकटे अध्यक्ष देवस्थळीकाका.

"झकास समजावलंस रे," निघताना त्यांनी पाठ थोपटली.

पंधरवड्यात परिपत्रक आलं : यापुढे मतदान विभागवार, आणि उमेदवाराने आपल्याच विभागातून उभं राहायचं. बोब्लिंगेनमधली एकच गल्ली दोनशे किलोमीटर लांबच्या गार्चिंग विभागाला जोडली होती.


श्रीरंगची.