समोरच्या बाकाची कॉफी

खिडकीबाहेर यूटाचे लाल कडे उन्हात तापले होते. डायनरमधल्या वेट्रेसने न विचारताच दोन कप भरले, तसा व्हर्लन खेकसला, "बाई, मी एकटाच आहे!"

"मग हे कोण?" तिने समोरच्या रिकाम्या बाकाकडे हनुवटी उडवली.

सकाळपासून हे तिसरं डायनर. आधीच्या दोघींनीही हेच केलं होतं.

वडिलांचं रँच एकट्याने गिळणाऱ्या थोरल्या भावाला, क्लीटसला, त्याने काल दरीच्या काठावर फोटोसाठी उभं केलं होतं. "दादा, अजून एक पाऊल मागे," म्हणत म्हणत.

पॅनकेक संपले. वेट्रेस पुन्हा कॉफी घेऊन आली. समोरचा कप रिकामा होता.

"गेले वाटतं," ती हसली. "म्हणत होते, पुढच्या कड्यावर धाकट्याचा फोटो काढायचाय."

बाहेर त्याच्याच गाडीचा हॉर्न वाजला. किल्ली व्हर्लनच्या मुठीत होती.