जोतीरामाच्या हातचा काला

बुवांनी हंडी फोडली आणि देवळात एकच गलका उडाला. काला आपल्या हातानं खायचा नसतो. आपण दुसऱ्याच्या तोंडात घालायचा, दुसऱ्याच्या हातचा आपण घ्यायचा. प्रत्यक्ष देवानं गवळ्याच्या पोरांचं उष्टं गोड मानलं, तिथं आपण कोण लागून गेलो?

जोतीराम द्रोण घेऊन थेट खांबाकडं गेला. खांबाच्या आडोशाला हरिबा उभा होता. दोघं जन्मभर शेजारी उभे राहून टाळ वाजवत आलेले. दर काल्याला हरिबाच्या तोंडात पहिला घास जोतीरामाचाच. यंदा हरिबा यायलाच तयार नव्हता. कॅन्सरनं डावा गाल गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी छातीचं कातडं वळवून तिथं ठिगळ लावलं. ठिगळ झकास धरलं, म्हणाले. त्यावर छातीचे केस उगवले तेव्हा, न्हाव्यानं आता दाढी करायची का छाती भादरायची, अशी थट्टाही जोतीरामानं केली होती. हरिबा हसला होता. पण जेवायचा दार लावून. बायकोला, तानुबाईलासुद्धा आत येऊ द्यायचा नाही. काल्यापुरता तरी चल, म्हणून जोतीराम सकाळपासून त्याच्या उंबऱ्यावर बसला, तेव्हा कुठं गडी उठला.

"आ कर," जोतीराम म्हणाला.

हरिबानं डोळे मिटले. जमला तेवढा, वाकडा आ केला. जोतीराम नेहमीसारखा त्याच्या डाव्या अंगाला होता. दुखेल म्हणून ओठाला बोटही न लागू देता त्यानं दही-लाह्यांचा घास हलकेच गालात सारला.

हरिबा तसाच, आ करून उभा.

आणखी हवा असेल, असं वाटून जोतीरामानं दुसरा घास घातला. तरी तोंड मिटेना. दही ठिगळावरून ओघळून सदऱ्यावर आलं. भोवती माणसं हसत एकमेकांना भरवत होती. हरिबाच्या मिटल्या पापण्यांतून पाणी आलं.

"किळस येती व्हय रं माजी?" शब्द जड, ओले, जोतीरामालाच कळावेत असे. "मग ऱ्हाऊ दे. दुसऱ्या कुनाला भरीव."

त्या कातड्याला काहीच कळत नव्हतं. जोतीरामाच्या ते आत्ता ध्यानात आलं. त्यानं हरिबाचा हात धरला आणि त्याचंच बोट त्याच्या गालात घातलं.

हरिबानं डोळे उघडले. बोटाला चिकटलेल्या लाह्या तो बघत राहिला.

"कवा दिलास, गड्या?"