आईचा नंबर

दोन वर्षं, दहा वेळा लेझरचे चटके खाऊन पोरीची हनुवटी गुळगुळीत झाली आणि आज आईचा नंबर लागला. वर्गाने ‘बोकड, बोकड’ करून पोरीची शाळा सोडवली, तेव्हा स्वतःही हनुवटीवर हात ठेवूनच बोलणारी आई म्हणाली होती, “आधी तू, मग मी.” आता काळा चष्मा लावून आई टेबलावर राणीसारखी आडवी झाली. लेझरवालीने भिंगातून पाहिलं आणि मशीन बंद केलं. “काकू, याला काळेच केस दिसतात. तुमचे पिकले. दोन वर्षांपूर्वी जमलं असतं.” पोरगी भडकली. “मग कलप लावून आणते.” “कातडीखालच्या मुळाला कसा लावशील गं?” लेझरवाली म्हणाली. आईने उठून पोरीला आडवं केलं, चष्मा चढवला. “माझी वेळ वाया कशाला? हिच्या ओठावर चार राहिलेत, तेवढे उडवा.” पोरगी ‘नको’ म्हणायला गेली, तर आई खेकसली, “तोंड हलवू नकोस.”